पी-टेन बोर्ड, खारी हवा आणि उघडा वायफाय

डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत किनाऱ्यालगतच्या गावांतून लाल अक्षरं सरकवणारे एलईडी बोर्ड आता जागोजागी दिसतात. ग्रामपंचायत, देवस्थान, पतपेढी, मच्छीमार सोसायटी, लॉज, कुणीच मागे नाही. बहुतेक बोर्ड एकाच पद्धतीने घेतले जातात: लांबी किती फूट, उंची किती फूट, रुपये किती. मागची बाजू खाऱ्या वाऱ्यापासून कशी झाकणार आणि बोर्डाचा पासवर्ड कोणाकडे राहणार, हे कोटेशनमध्ये नसतंच. किनाऱ्यावरचे बोर्ड नेमके या दोन ठिकाणी फसतात. बोर्डाची आणि विजेची थोडी ओळख झाली की आधी पहिल्याबद्दल बोलू, कारण ते वर्षभरात समोर येतं. दुसरं एखाद्या रात्री एकदम येतं.

'पी-टेन' म्हणजे दोन दिव्यांमधलं अंतर १० मिलिमीटर. असे दिवे बसवलेल्या तयार तुकड्यांना मॉड्यूल म्हणतात आणि ते जोडून बोर्ड होतो. एक मॉड्यूल ३२० बाय १६० मिलिमीटरचं, त्यावर आडवे ३२ आणि उभे १६ असे ५१२ दिवे. ८ मॉड्यूल आडवी आणि २ उभी लावली की २.५६ मीटर बाय ३२ सेंटिमीटरचा बोर्ड होतो. ग्रामपंचायतीच्या दारावर हाच आकार जास्त चालतो. पैसे वाचवायला काही जण एकाच ओळीचा, म्हणजे १६ दिव्यांच्या उंचीचा बोर्ड घेतात. इंग्रजीसाठी तो पुरतो, मराठीसाठी नाही. शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार, रुकार यांना जागा दिली की अक्षराच्या अंगाला दिव्यांच्या जेमतेम ८-९ ओळी उरतात. त्यात 'महाराष्ट्र'मधला ष्ट्र म्हणजे नुसता लाल गोळा. वाचनाचा ढोबळ हिशेब असा की अक्षराच्या अडीच सेंटिमीटर उंचीमागे ३ मीटरवरून सहज वाचता येतं. म्हणजे एका ओळीच्या बोर्डावरचं मराठी १० मीटरवरून नीट वाचता येईल, दोन ओळींच्या बोर्डावरचं २० मीटरवरून. ताशी ४० किलोमीटरने जाणारी दुचाकी सेकंदाला ११ मीटर कापते. रस्त्याकडेला सरकता मजकूर लावण्यात म्हणूनच अर्थ नाही. तिथे तीन-चार शब्द स्थिर ठेवा. सरकती ओळ जेटीवर, एसटी थांब्यावर, देवळाच्या सभामंडपात, जिथे माणूस उभा असतो तिथे.

मजकूर मोडका दिसण्याचं कारण बहुधा बोर्डाला मजकूर पुरवणाऱ्या कार्डात असतं, बोर्डात नाही. जुन्या कार्डांत स्वतःचे ठोकळेबाज फाँट असतात आणि अक्षरं जोडण्याची अक्कल नसते. मग पहिली वेलांटी व्यंजनाच्या पुढे जाऊन बसते आणि जोडाक्षराऐवजी पाय मोडलेलं अक्षर दिसतं. कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर मोबाइल अॅपमध्ये चिकटवला, तर थेट इंग्रजी अक्षरांचा कचरा. उपाय सोपा आहे. मजकूर युनिकोडमध्ये टाइप करा, मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी यांसारख्या फाँटच्या मध्यम जाडीत घ्या आणि बोर्डाच्या नेमक्या मापाचं, म्हणजे २५६ बाय ३२ ठिपक्यांचं काळं-पांढरं चित्र करून तेच चढवा. कडा मऊ करणारी सोय बंद ठेवा. एकरंगी बोर्डाला करडा रंग दाखवता येत नाही, त्यामुळे बारीक रेघा अर्ध्या गायब होतात.

आता वीज. लाल पी-टेन मॉड्यूल सगळे दिवे लागल्यावर साधारण २० वॅट खातं, म्हणजे ५ व्होल्टवर ४ अँपिअर. १६ मॉड्यूलचे ६४ अँपिअर झाले. यासाठी ५ व्होल्ट ४० अँपिअरचे दोन एसएमपीएस, म्हणजे घरच्या २३० व्होल्टचे ५ व्होल्ट करणारे डबे हवेत, एकावर ८ मॉड्यूल. अक्षरं दाखवताना दिव्यांचा चौथा-पाचवा हिस्साच पेटतो, म्हणून बिल फारसं येत नाही. सरासरी ७०-८० वॅट. पण वायर निवडताना हिशेब पूर्ण भाराचाच धरायचा. २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरचा रोध मीटरला सुमारे ७.४ मिलिओहम असतो. ४ मॉड्यूलचे १६ अँपिअर एक मीटर नेऊन परत आणले की पाव व्होल्ट तिथेच गेला. हीच कामगिरी १.५ च्या एका वायरजोडीवर आठही मॉड्यूलसाठी केली तर मीटरमागे पाऊण व्होल्ट जातो, शिवाय वायर तापते आणि मॉड्यूलवरचा पांढरा प्लास्टिकचा कनेक्टर वितळतो. प्रत्येक ४ मॉड्यूलला एसएमपीएसपासून वेगळी जोडी ओढा आणि एसएमपीएस फ्रेमच्या मध्यावर बसवा. बोर्ड पूर्ण पेटवून शेवटच्या मॉड्यूलवर मल्टिमीटर लावा, ४.७ व्होल्टच्या खाली आकडा दिसला तर वायरिंग पुन्हा करायचं. एसएमपीएसचा स्क्रू फिरवून व्होल्टेज वर रेटत बसलात तर जवळची मॉड्यूल मरतात.

रंगीत बोर्डावर हा दोष डोळ्यांनीच ओळखता येतो. लाल एलईडीला पेटायला सुमारे २ व्होल्ट पुरतात, हिरव्या-निळ्याला ३ च्या आसपास लागतात. व्होल्टेज घसरलं की आधी निळा आणि हिरवा मंदावतो आणि टोकाकडची पांढरी अक्षरं तांबूस दिसू लागतात. 'मॉड्यूल खराब आलं' म्हणून बदलून देणारे बरेच भेटतात. ते आधी वायर का मोजत नाहीत, देव जाणे.

एक बारीक गोष्ट: स्वस्त एसएमपीएसच्या अंगावर ११० आणि २२० असा सरकता खटका असतो. तो ११० वर राहिला आणि आपल्या २३० व्होल्टवर चालू केला की आवाज करून जातो. जोडण्याआधी खटका बघायचा.

मिठाकडे वळू. समुद्रावरून येणारा वारा मिठाचे सूक्ष्म कण आणून सर्किटवर बसवतो. कोरड्या हवेत ते नुसते धुळीसारखे पडून राहतात. हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं आणि सर्किटवर वीज वाहून नेणारा पातळ थर तयार होतो. कोकणात जून ते सप्टेंबर आर्द्रता बहुतेक वेळ ८० च्या वरच असते, म्हणजे पावसाचा एक थेंब आत न जाताही बोर्ड आतून ओला असतो. शेजारच्या दोन पायांत ५ व्होल्टचा फरक असला की तांबं हिरवं पडतं, कथिल काळवंडतं, आयसीचे, म्हणजे काळ्या चिपांचे पाय गळून येतात. 'पाणी तर कुठेच शिरलं नव्हतं' ही तक्रार खरी असते. निष्कर्ष तेवढा चुकतो.

म्हणून बाहेर लावायच्या मॉड्यूलची पुढची बाजू आधी बोटाने तपासा. दिव्यांच्या मधल्या जागेत मऊ सिलिकॉन भरलेलं असलं पाहिजे आणि मागे कडेने रबराची पट्टी हवी. हे दोन्ही नसलेली मॉड्यूल छपराखालची असतात. दिसायला तीच, किमतीला कमी, आणि सर्रास बाहेरची म्हणून विकली जातात. सिलिकॉन असलं तरी मागची बाजू उघडीच राहते. तिथे अॅक्रिलिक वार्निशचा फवारा मारून घ्यायचा. कनेक्टरच्या पिनांवर आधी चिकटपट्टी लावा, सर्किट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळवा, मग दोन पातळ हात द्या. मध्ये पहिला हात वाळू द्या आणि शेवटी एक दिवस तसंच ठेवा. एकच जाड हात दिला तर आत बुडबुडे राहतात. वापरलेल्या मॉड्यूलवर मीठ बसलेलं असताना वार्निश मारणं सगळ्यात वाईट, मीठ आत कोंडलं जातं आणि गंज थराखालून चालू राहतो. तसं मॉड्यूल आधी डिस्टिल्ड पाण्याने धुवायचं, मग अल्कोहोल, मग वाळवणं. एसएमपीएसवर मात्र हा फवारा मारू नका.

मॉड्यूल एकमेकांना जोडणाऱ्या पट्टीच्या केबलच्या टोकांना सिलिकॉन ग्रीस बोटभर पुरतं. वायरला कल्हई केलेले लग दाबून बसवा. बोटींच्या वायरिंगसाठी कल्हई केलेली तांब्याची वायर मिळते, तीच घेतलीत तर उत्तम. स्क्रू ३१६ दर्जाच्या स्टेनलेसचे. ३०४ चे दुकानात सहज मिळतात, पण त्यात मॉलिब्डेनम नसतं आणि किनाऱ्यावर त्यांना तपकिरी डाग नि खड्डे पडतात. अॅल्युमिनियमच्या फ्रेमवर स्टेनलेस थेट टेकलं तर खाऱ्या ओलाव्यात अॅल्युमिनियम खाल्लं जातं, म्हणून मध्ये नायलॉनचा वॉशर.

पेटीला पंखा लावायचा आग्रह विक्रेते धरतात. नागपुरात ठीक आहे. इथे पंखा म्हणजे खारी हवा ओढून सर्किटवर मारायचं यंत्र. एकरंगी बोर्डाला तो लागतच नाही, पेटी ४-५ इंच खोल ठेवली की उष्णता आपोआप निघते. पेटीच्या तळाला ६-८ मिलिमीटरची भोकं ठेवा, केबल खालूनच आत घ्या आणि आत शिरण्याआधी तिला लोंबता वळसा द्या, म्हणजे पाणी वळशावरून गळून जाईल. सिलिका जेलच्या पुड्या उघड्या पेटीत दोन दिवसांत ओल्या होतात. त्यापेक्षा पावसाळ्यात बोर्ड रोज काही तास चालू ठेवा. 'पाऊस आहे, बंदच असू दे' म्हणून महिनाभर बंद ठेवलेला बोर्ड गणपतीच्या आदल्या दिवशी चालू करायला जावं आणि तो हमखास रुसावा, याचं कारण हेच. चालू बोर्डाची ऊब आतली आर्द्रता खाली ठेवते.

बिघाड झालाच तर मॉड्यूल बदलण्याआधी नुसतं नीट बघा. दर चौथी ओळ काळी असेल तर ओळींना वीज देणारा ४९५३ हा मॉस्फेट किंवा ओळ निवडणारी ७४एचसी१३८ गेली. ८ बाय ४ दिव्यांचा चौकोन काळा असेल तर त्या जागेची ७४एचसी५९५. एका मॉड्यूलनंतर पुढचं सगळं अंधारात किंवा कचरा असेल तर आधी पट्टीची केबल, मग ७४एचसी२४५. या आयसी स्वस्त आहेत आणि मोबाइल दुरुस्त करणाऱ्या कुठल्याही हाताला त्या बदलता येतात. अक्षरं काळी आणि मागचा पडदा लाल दिसला तर काहीच बिघडलेलं नसतं. कार्डाच्या सेटिंगमध्ये डेटाची पोलॅरिटी उलटी झालेली असते.

वाऱ्याचा हिशेबही एकदा मांडून बघण्यासारखा आहे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने आत शिरलं, तेव्हा वारा ताशी ११०-१२० किलोमीटरच्या घरात होता. १२० धरला तर एका चौरस मीटरवर सुमारे ७० किलोचा दाब येतो. वरच्या १६ मॉड्यूलच्या बोर्डाला म्हणजे ५५-६० किलोची आडवी ढकल, झोत आणखी जास्त. चिऱ्याच्या भिंतीत प्लास्टिकच्या गुट्ट्या ठोकून हे पेलत नाही. आरपार बोल्ट आणि मागून पट्टी हवी. मे-जून आणि ऑक्टोबरच्या विजांसाठी सर्ज रोधक, गळती होताच वीज तोडणारी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी आणि बोर्डाला स्वतंत्र अर्थिंग एवढं करा.

लॉजवाल्यांसाठी एक सूचना. वेळास, आंजर्ले, गुहागर अशा किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात आणि पिल्लं रात्री उजेडाच्या दिशेने चालू लागतात. समुद्राकडे तोंड करून लावलेला निळा-पांढरा बोर्ड त्यांना उलट दिशेला ओढतो. लाल उजेडाचा त्रास पुष्कळ कमी. बोर्ड गावाकडे तोंड करून लावा, आणि हंगामात संध्याकाळनंतर बंद ठेवता आला तर प्रश्नच मिटला.

आता वायफाय. आजकालची बहुतेक कार्डं स्वतःचं वायफाय उभं करतात. अॅप उघडायचं, मजकूर लिहायचा, पाठवायचा. सोय मोठी आहे, पण कारखान्यातून येणारा पासवर्ड बऱ्याच कार्डांवर एकच आकडा आठ वेळा असा असतो. नेटवर्कच्या नावातच कार्डाचा प्रकार लिहिलेला असतो आणि अॅप कुणालाही फुकट मिळतं. देवळासमोरच्या पारावर बसलेल्या कुठल्याही पोराला ग्रामपंचायतीच्या नावाने हवं ते लिहिता येतं. बोर्ड बसवणारा समोर असतानाच नेटवर्कचं नाव बदला, निदान १२ अक्षरांचा पासवर्ड ठेवा आणि सेटिंगचा जो दुसरा, बहुधा तीन आकडी पासवर्ड असतो तोही बदला. महिन्यातून दोनदाच मजकूर बदलत असाल तर वायफायचं कार्ड घेऊच नका. पेनड्राइव्हचं घ्या आणि ते भोक कुलपाच्या पेटीत ठेवा. मॉड्यूलचा प्रकार, रुंदी-उंची, स्कॅन, डेटाची पोलॅरिटी या सेटिंगच्या पडद्याचा फोटो काढून दप्तरी ठेवा. कुणी कार्ड रीसेट केलं तर त्या फोटोवरून बोर्ड पाच मिनिटांत परत उभा राहतो, नाहीतर बसवणाऱ्याची दोन दिवस वाट बघा.

परवानगीशिवाय कुणी मजकूर बदलला तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३ आणि ६६ लागू शकतं. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. बोर्डाचा व्हिडिओ घ्या, मग मेन स्विच बंद करा. कार्डावरचा मजकूर घाईने पुसू नका, कार्ड काढून तसंच ठेवा.

पण परवानगीने चढलेल्या मजकुराचं काय? इथे कोकणाचाच दाखला आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल फेसबुकवर लिहिणारी एक तरुणी आणि ते लाइक करणारी तिची मैत्रीण, अशा दोघींना पालघरमध्ये अटक झाली. ते प्रकरण देशभर गाजलं. त्यातूनच माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६अ विरुद्ध श्रेया सिंघल यांची याचिका उभी राहिली आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द केलं. 'त्रासदायक', 'गैरसोयीचं' अशा ढिल्या शब्दांवर माणसाला अटक करता येणार नाही, हा त्याचा गाभा. तरीही पोलीस ठाण्यांत ते कलम लावणं थांबलं नाही आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायालयाला पुन्हा बजावावं लागलं. कुणी आजही ६६अ ची धमकी दिली तर २४ मार्च २०१५ ही तारीख दाखवा.

व्हॉट्सअॅप ग्रुपच्या अॅडमिनबद्दलही गावात उगाच धास्ती असते. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्पष्ट केलं आहे की सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी अॅडमिन केवळ अॅडमिन आहे म्हणून दोषी ठरत नाही. दोघांचा समान हेतू किंवा आधीची ठरवाठरवी दिसली पाहिजे. हाच दिलासा बोर्डाला लावू नका. ग्रुपमध्ये बोलणारा सदस्य असतो, बोर्डावर मजकूर तुम्ही स्वतः चढवता. भारतीय न्याय संहितेची १९६, २९९ आणि ३५३ ही कलमं समाजांत तेढ, धर्मभावना आणि अफवा यांबद्दल आहेत. ती बोर्डालाही लागतात आणि 'फॉरवर्ड आलं होतं' हे उत्तर तिथे चालत नाही.

खोटं काय हे सरकारने एकतर्फी ठरवावं का, यावरही मुंबई उच्च न्यायालयात झगडा झाला. केंद्राच्या कामकाजाबद्दलचा ऑनलाइन मजकूर खोटा ठरवणाऱ्या सत्यशोधन कक्षाचा नियम २०२३ मध्ये आला आणि २०२४ मध्ये न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला. गावपातळीवर याचा अर्थ माझ्या मते सरळ आहे: बोर्डावर 'अफवांवर विश्वास ठेवू नका' लिहिण्यापेक्षा खरी माहिती वेळेसकट लिहा. जेटीवरच्या बोर्डाला तर हे फारच लागू. हवामान खात्याचा इशारा, बंदरावर वादळाच्या इशाऱ्याचा कितव्या नंबरचा बावटा आहे, १ जून ते ३१ जुलैची मासेमारी बंदी, यांपुढे जारी केल्याची तारीख आणि वेळ हवी, आणि अॅपमध्ये संपण्याची वेळही भरलेली हवी. बावटा उतरल्यावर तीन दिवस '३ नंबर' चमकत राहिला की पुढच्या वेळी खलाशी तिकडे बघतही नाहीत. संपण्याची वेळ पाळली जावी म्हणून कार्डावरची छोटी बटणासारखी बॅटरी दोन वर्षांनी बदला. ती संपली की वीज जाताच कार्डाचं घड्याळ मागे जातं आणि कालचा मजकूर परत येतो.

ग्रामपंचायतीच्या बोर्डावर जाहिराती घेता येतात का, हा नेहमीचा प्रश्न. जाहिरातीलाही घटनेच्या कलम १९(१)(अ) चं संरक्षण आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने टाटा प्रेस खटल्यात १९९५ मध्येच म्हटलंय. त्यामुळे बोर्ड पूर्णपणे जाहिरातमुक्त ठेवा, किंवा दर आणि नियम ठरावात लिहून सगळ्यांना सारखे लावा. सरपंचांच्या ओळखीच्या लॉजची जाहिरात चालते आणि त्यांच्या विरोधकाच्या लॉजची नाही, असं झालं तर समानतेच्या कलम १४ चा मुद्दा उभा राहू शकतो. निवडणूक जाहीर झाली की नेत्यांचे आभार, वाढदिवस, अमुक यांच्या प्रयत्नांतून वगैरे आचारसंहिता लागताच उतरवा. बोर्डाच्या आठवणीत साठवलेले जुने कार्यक्रमही तपासा, ते आपोआप फिरून येतात.

कोटेशन मागताना त्यात हे लिहून घ्या: मॉड्यूल सिलिकॉन भरलेलं आणि रबरी पट्टीचं, मागून दोन हात वार्निश, ३१६ चे स्क्रू, प्रत्येक ४ मॉड्यूलला २.५ ची वेगळी जोडी, शेवटच्या मॉड्यूलवर पूर्ण भारात किती व्होल्ट मिळाले तो आकडा, आणि दोन्ही पासवर्ड बंद पाकिटात. शिवाय सुटी दोन मॉड्यूल आणि एक एसएमपीएस त्याच खेपेतले मागा. पुढच्या वर्षीच्या खेपेतल्या लाल रंगाची छटा वेगळी निघते आणि नवं मॉड्यूल बोर्डात ठिगळासारखं उठून दिसतं. सुट्या मॉड्यूलवरही वार्निश मारून घ्या. कपाटात ठेवलेल्या मॉड्यूललाही खारी हवा लागतेच.